चाड्यावर मूठ कोण धरणार?

देशाच्या अन्नधोरणात बियाणे आहे, खत आहे, पाणी आहे, हमीभाव आहे. परंतु शेतात राबणारे कुशल हात पुढच्या पिढीत कोठून येणार, याचा विचार त्यात कितपत झाला आहे?

२०२० सालचा मे महिना. पंजाबातला गहू कापून मंडीत गेला होता आणि शेते भातासाठी मोकळी झाली होती. बियाणे तयार होते, खत होते, कूपनलिकांना वीज होती. पिकलेले धान सरकार हमीभावाने उचलणार, याची खात्रीही होती. नव्हती ती फक्त माणसे.

दरवर्षी जूनच्या सुमारास बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून लाखो मजूर भातलावणीसाठी पंजाबात येतात. त्या वर्षी नेमके उलटे घडत होते. करोनाच्या टाळेबंदीने हवालदिल झालेले मजूर श्रमिक रेल्वेगाड्यांतून आपापल्या गावी परतत होते. लावणीचे एकरी दर भराभर चढले. काही शेतकऱ्यांनी पदरचे पैसे खर्चून बिहारपर्यंत बसगाड्या पाठवल्या आणि माणसे आणवली. ज्या राज्याने देशाची कोठारे भरली, ते राज्य चिखलात वाकून रोपे लावणाऱ्या हातांवाचून अडून बसले.

तो प्रसंग कसाबसा निभावला. परंतु त्याने विचारलेला प्रश्न अजून तसाच उभा आहे. शेतीत कसबी माणूस लागतो, तो तयार व्हावा लागतो, आणि त्याला तयार करण्याची जबाबदारी कोणाची हे आपल्याकडे कोणी ठरवलेलेच नाही. शेतकरी हा शेतकऱ्याच्या पोटी आपोआप जन्माला येतो, असेच सगळे धरून चालले आहेत.

मोजदाद धान्याची, माणसांची नव्हे

देशाचे अन्नधोरण म्हटले की आकडे समोर येतात ते टनांचे. किती लाख टन गहू खरेदी झाला, गोदामात किती तांदूळ आहे, खताला किती अनुदान दिले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्क्यांपर्यंत आणि शहरी भागातील ५० टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. जगातील मोठ्या अन्नयोजनांमध्ये तिची गणना होते. या कायद्याच्या परिशिष्टात शेतीत गुंतवणूक वाढवावी, संशोधन, सिंचन, पीक विमा, रास्त भाव यांकडे लक्ष द्यावे, असेही म्हटले आहे. ते योग्यच आहे. पण ही सारी साधने ज्याने वापरायची, त्याच्या शिक्षणाला त्यात स्वतंत्र जागा नाही.

माणसांचे आकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. १९५१ च्या जनगणनेत देशात सुमारे सात कोटी शेतकरी होते आणि पावणेतीन कोटी शेतमजूर. २०११ च्या जनगणनेत शेतकरी ११.८८ कोटी होते आणि शेतमजूर १४.४३ कोटी. म्हणजे स्वतःची जमीन कसणाऱ्यांपेक्षा दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्यांची संख्या जास्त झाली. त्याआधीच्या दहा वर्षांत शेतकऱ्यांची संख्या पंच्याऐंशी लाखांनी घटली होती, तर मजुरांची पावणेचार कोटींनी वाढली होती.

जमिनीचे तुकडे तर होतच आहेत. १९७०-७१ मध्ये सरासरी शेतजमीन २.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.०८ हेक्टरवर आली. एवढ्याशा तुकड्यावर दोन मुलांनी राहायचे कसे, या विचाराने एक मुलगा शहराकडे जातो. पुष्कळदा दोघेही जातात. २००३ साली राष्ट्रीय नमुना पाहणीने शेतकऱ्यांना विचारले, की दुसरा व्यवसाय निवडण्याची मुभा मिळाली तर काय कराल? शंभरातल्या चाळीस जणांनी शेती सोडण्याची इच्छा सांगितली.

ही इच्छा घराघरांतून दिसते. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आजही तोंडी आहे, पण लग्नाच्या बाजारात ती केव्हाच उलटी झाली आहे. महाराष्ट्रात कितीतरी गावांत चार-पाच एकर बागायत असलेल्या मुलालाही मुलगी मिळत नाही. शहरात दहा-बारा हजारांची नोकरी करणाऱ्याला ती मिळते. मुलीच्या आईवडिलांना दोष देण्यात अर्थ नाही. शेतीला भाव नाही, खात्री नाही, आणि शिकलेल्या माणसाची म्हणून काही ओळखही नाही. वायरमनकडे प्रमाणपत्र असते, ड्रायव्हरकडे परवाना असतो. शेतकऱ्याकडे सातबारा असतो. तो जमीन कोणाची हे सांगतो, कसब कोणाचे हे सांगत नाही.

'अकुशल' कोणाला म्हणायचे?

सरकारी भाषेत शेतातली बहुतेक अंगमेहनत 'अकुशल काम' या सदरात टाकली जाते. ज्याने एकदा तरी पेरणी जवळून पाहिली आहे, त्याला या शब्दाचे नवल वाटेल.

तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणे हे काम पाहायला किती सोपे! बैलांच्या चालीबरोबर चालायचे आणि मुठीतले बी चाड्यात सोडत राहायचे. पण मूठ सैल झाली की दाट पडते, आवळली की विरळ. ज्वारीची मूठ वेगळी, तुरीची वेगळी. जमिनीला वाफसा आला की नाही, हे पायाखालच्या मातीवरून ओळखायचे. कितीतरी घरांत हे काम बायका करत आल्या. त्यांना हे कोणत्याही शाळेने शिकवलेले नाही. आजीच्या मागे आई चालली, आईच्या मागे मुलगी. आजची मुलगी शाळेत आणि मग शहरात जाते. ते बरोबरच आहे. परंतु तिच्याबरोबर साखळीची एक कडी निखळते, आणि तिच्या जागी दुसरी जोडण्याची सोय कोठेही नसते.

कसबाची किंमत आपल्या देशाने एकदा चांगलीच ओळखली होती. १९६६ साली मेक्सिकोहून अठरा हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले गेले. त्या काळात आपण अमेरिकेच्या गव्हावर दिवस काढत होतो. नवे बियाणे आले म्हणजे हरितक्रांती झाली, असे अनेकांना वाटते. तसे झाले नाही. आपला जुना उंच गहू शेतकरी खोल पेरत, कारण ओल खाली असे. बुटक्या गव्हाचा कोंब आखूड. तो खोल पेरला तर जमिनीबाहेर येतच नसे. तो सुमारे पाच सेंटिमीटरवर पेरावा लागे. पेरणीनंतर एकवीस दिवसांच्या आसपास, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, पहिले पाणी मिळाले नाही तर उत्पन्न घटे.

म्हणजे पिढ्यान् पिढ्यांची सवय मोडून हाताला नवी सवय लावायची होती. त्यासाठी डॉ. एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रात्यक्षिके संशोधन केंद्रात न करता छोट्या शेतकऱ्यांच्या वावरात केली. दिल्लीजवळचे जौंती हे गाव त्यातून बियाण्यांचे गाव म्हणून नावारूपाला आले. २६ जानेवारी १९६७ रोजी दूरदर्शनवर 'कृषीदर्शन' सुरू झाले, तेही दिल्ली परिसरातल्या ८० खेड्यांतील शेतकऱ्यांना सामूहिक दूरचित्रवाणी संचावर पाहता यावे म्हणून. १९६४-६५ मध्ये देशात सव्वा कोटी टनांच्या आसपास गहू पिकला होता. १९६७-६८ मध्ये तो साडेसोळा कोटी क्विंटल, म्हणजे एक कोटी पासष्ट लाख टनांवर गेला. बियाण्याला, पाण्याला, खताला आणि भावाला शिकलेल्या हाताची जोड मिळाली, तेव्हा कुठे हे साधले.

पंजाबातल्या २०२० च्या कथेचा पुढचा भागही हेच सांगतो. मजूर नाहीत म्हणून शेतकऱ्यांनी रोपे लावण्याऐवजी भाताचे बी यंत्राने थेट पेरले. त्या वर्षी सुमारे पाच लाख हेक्टरांवर अशी पेरणी झाली. यात पाणी वाचते, मजुरी वाचते. २०२२ साली सरकारने एकरी दीड हजार रुपये प्रोत्साहनही देऊ केले. तरी क्षेत्र वाढण्याऐवजी दोन लाख हेक्टरांच्या आत आले. कारणे अनेक होती. पण शेतकऱ्यांची मोठी तक्रार तणाची होती. थेट पेरणीत जमिनीची ओल नेमकी साधावी लागते, पंजाबी शेतकरी तिला 'तर-वत्तर' म्हणतो, आपण वाफसा म्हणू. यंत्राची खोली जुळवावी लागते, तणनाशक ठरलेल्या वेळेतच फवारावे लागते. एक दिवस चुकला की शेतात भातापेक्षा तणच माजते. यंत्र विकत घेता येते, अनुदान एका आदेशाने देता येते. हा अंदाज मात्र हंगामामागून हंगाम शेतात उभे राहूनच अंगी येतो.

सात दिवसांचा हंगाम

मग शिकवण्याची सोय आपल्याकडे नाहीच का? आहे, आणि तिचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. कोठारी आयोगाने १९६६ साली शेतीच्या व्यावसायिक शिक्षणावर भर दिला. उदयपूरचे डॉ. मोहनसिंह मेहता यांच्या समितीने कृषी विज्ञान केंद्राची कल्पना मांडली आणि १९७४ साली पुदुच्चेरी येथे पहिले केंद्र उघडले. 'करता करता शिका' हे त्याचे ब्रीद होते. शाळा सुटलेली मुले, शेतकरी, शेतकरी स्त्रिया यांना प्रत्यक्ष कामातून शिकवायचे, पदवीची अट नाही. आज देशात सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत.

परंतु एका केंद्रात मंजूर पदे असतात सोळा. त्यात प्रमुख, विषयतज्ज्ञ, कारकून, गाडीचालक सगळे आले. आणि एका जिल्ह्यात शेतकरी असतात लाखांनी. ग्रामीण युवकांसाठी कौशल्य प्रशिक्षणाची सरकारी योजना आहे, तिचा अवधी सात दिवसांचा. दोनशे तासांचे वर्गही चालतात. सात दिवसांत मधमाश्यांच्या पेट्या हाताळता येतील, अळंबीची पिशवी भरता येईल. पण पीक म्हणजे हंगाम. पेरणीपासून मळणीपर्यंतचे शंभर-सव्वाशे दिवस, त्यातला पावसाचा खंड, अचानक आलेली अळी, पडलेला भाव. सात दिवसांच्या वर्गात हंगाम शिकता येत नाही.

शेतीच्या महाविद्यालयांत विद्यार्थी शेवटच्या वर्षी काही महिने खेड्यात राहून ग्रामीण कार्यानुभव घेतात. तो चांगला उपक्रम आहे. पण पदवी हाती आली की त्यांतले बरेचजण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसतात किंवा खत-बियाण्यांच्या कंपनीत जातात. आणि जो शेतात राहणार असतो, तो बहुधा त्या महाविद्यालयाची पायरीच चढलेला नसतो.

कारखान्यांसाठी मात्र आपल्याकडे १९६१ पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. फिटर, टर्नर, वेल्डर होऊ पाहणारा मुलगा कारखान्यात राहून शिकतो, त्याला विद्यावेतन मिळते, शेवटी प्रमाणपत्र मिळते. तीस किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असे बंधन आहे. आता अडीच एकरांचा शेतकरी ही आस्थापना कशी होणार? त्यामुळे शेतीची यंत्रे दुरुस्त करणारा या व्यवस्थेत बसतो, पण ते यंत्र ज्या पिकात चालते ते पीक पिकवणारा बसत नाही.

जर्मनीत शेतकरी हा रीतसर शिकून व्हायचा व्यवसाय मानतात. तीन वर्षांची उमेदवारी असते. बहुतेक दिवस मान्यताप्राप्त शेतकऱ्याच्या शेतावर काम, उरलेला वेळ शाळा, आणि या काळात वेतनही. ज्याच्याकडे शिकायला जायचे, तो शेतकरीसुद्धा त्यासाठी पात्र ठरावा लागतो. त्यांची शेते मोठी, माणसे कमी, हवामान वेगळे. त्यांची नक्कल आपल्याला परवडणार नाही. पण अनुभवी शेतकरी हाच शिक्षक आणि त्याचे शेत हीच शाळा, हे त्यातले तत्त्व घेण्याजोगे आहे.

केरळची अन्नसुरक्षा सेना

आपल्या देशातही याचे प्रयोग झाले आहेत. त्यांतला सर्वांत बोलका प्रयोग केरळचा.

शेतमजुरांना सन्मान देण्यात केरळ आघाडीवर राहिले. १९७४ साली तेथे शेतमजुरांसाठी कायदा झाला. १९८० साली त्यांना निवृत्तिवेतन सुरू झाले. मजुरीही देशात सर्वांत चढी. तरीही भाताचे क्षेत्र आटत गेले. १९७०च्या दशकात तेथे पावणेनऊ लाख हेक्टरांच्या आसपास भात होता. पुढे तो दोन लाखांच्या घरात आला. जमिनीवर घरे उठली, रबर लागले, नारळ लागला. आणि लावणीच्या दिवसांत माणसे मिळेनाशी झाली, कारण शिकलेला मुलगा आखातात गेला होता. २००८ साली भातजमिनीचे रूपांतर रोखणारा कायदा झाला. कायद्याने जमीन राखता येते, पण तिच्यात रोपे कोणी लावायची?

त्या सुमारास त्रिशूरजवळच्या मण्णुत्ती येथील कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने तरुण आणि स्त्रियांना निवडून यांत्रिक भातशेतीचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. या चमूला नाव दिले 'अन्नसुरक्षा सेना'. लावणी यंत्र, मळणी यंत्र, नांगरणीची यंत्रे चालवणे आणि बिघडल्यास तेथेच दुरुस्त करणे हे त्यांनी शिकायचे. यंत्राने लावणी म्हणजे नुसते यंत्र चालवणे नव्हे. त्यासाठी रोपे चटईसारखी वाढवावी लागतात. प्लास्टिकच्या कागदावर मातीचा पातळ थर पसरायचा, त्यावर बी दाट आणि एकसारखे टाकायचे. दोन-अडीच आठवड्यांत मुळे एकमेकांत गुंतून चटई तयार होते. ती कापून यंत्रावर चढवायची. थर जाड झाला किंवा बी असमान पडले, तर यंत्र रोपे सोडत जाते आणि शेतात टक्कल पडते. हे काम जमले की एकेक चमू पाडशेखरमचे, म्हणजे एका सलग शिवारातल्या भातशेतकऱ्यांच्या मंडळाचे, काम अंगावर घेऊ लागला. पुढे ठिकठिकाणी पंचायतींच्या आधाराने अशाच कृषी कर्मसेना निघाल्या. १९९८ पासून चालत आलेल्या 'कुटुंबश्री'च्या बायकांनी तर गटाने जमिनी खंडाने घेऊन पडीक शेते पिकाखाली आणली.

नारळाचे उदाहरण याहून बोलके आहे. झाडावर चढून नारळ पाडणाऱ्याला कोकणात आणि गोव्यात पाडेली म्हणतात. केरळात हे काम परंपरेने काही ठराविक जातींकडे असे. त्यांची मुले शिकली आणि त्यांनी हे काम नाकारले. धोका होता, मान नव्हता, विमा नव्हता. बागांत नारळ झाडावरच सुकू लागले. २०११ साली नारळ विकास मंडळाने 'नारळ वृक्षाचे मित्र' या नावाने सहा दिवसांचे निवासी शिक्षण सुरू केले. चढण्याचे साधे यंत्र, त्याबरोबर रोग-किडींची ओळख, अपघात विमा. हजारो तरुण शिकून बाहेर पडले, आणि त्यांत स्त्रियाही होत्या. ज्या कामाकडे जातीचे काम म्हणून पाहिले जाई, ते शिकून करायचे काम झाले.

या प्रयोगांनी केरळ भातात स्वयंपूर्ण झाले, असे मुळीच नाही. तेथे आजही पोटापुरता तांदूळ बाहेरूनच येतो, आणि कित्येक शेतांत लावणीला बंगालचे मजूर दिसतात. पण एक गोष्ट सिद्ध झाली. शेतीचे कसब रक्तातून यावे लागत नाही. ते शिकवता येते, आणि ज्याच्या घरात शेती नाही त्यालाही ते शिकता येते.

महाराष्ट्रात हीच श्रद्धा ठेवून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम उभा केला. मोठ्या कंपनीतल्या संशोधनाची नोकरी सोडून ते तेथे राहायला गेले. शाळेत मन न रमलेल्या मुलांना वर्षभर ठेवून घ्यायचे आणि शेती-पशुपालन, बांधकाम-वेल्डिंग, वीज आणि गृह-आरोग्य अशा चारही अंगांचे काम हाताने करवून शिकवायचे. मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगी पडायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा. परीक्षेत नापास म्हणून घरी बसवलेला मुलगा वर्षाअखेरीस शेळीला इंजेक्शन देतो, गोठ्याचे लोखंडी फाटक जोडतो, तेव्हा त्याला अकुशल म्हणायची कोणाची छाती होईल?

घरातली शेतकरीण, कागदावर कोणी नाही

शिकवायचे ठरले तर कोणाला, हा प्रश्नही साधा नाही. खेड्यांत काम करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी सुमारे तिघी शेतीत आहेत. पुरुष शहरात गेला की शेतीचा सारा भार घरच्या बाईवर येतो. परंतु २०१५-१६ च्या कृषी गणनेत स्त्रियांच्या नावे असलेली शेते शंभरात चौदाच भरली. प्रशिक्षणाचे निमंत्रण येते ते सातबाऱ्यावरच्या नावाने. म्हणजे वर्गाला बसतो नवरा आणि निंदणी, लावणी, बी निवडणे, साठवणे हे सारे करते बायको. शिकलेले एकाच्या कानात आणि काम दुसऱ्याच्या हातात, असा हा उफराटा कारभार!

डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाच्या शिफारशींवरून २००७ साली राष्ट्रीय शेतकरी धोरण जाहीर झाले. त्यात 'शेतकरी' या शब्दात जमीनमालकाबरोबर शेतमजूर, वाटेकरी, खंडकरी यांनाही धरले आहे. तरुणांना शेतीकडे ओढून तेथे टिकवणे हेही एक उद्दिष्ट होते. कागदावर ही मोठीच झेप होती. योजनांची दारे मात्र अजूनही बहुतेक सातबाऱ्याच्या किल्लीनेच उघडतात.

अलीकडे 'कृषी सखी' योजनेने एक चांगली वाट दाखवली आहे. बचत गटातल्या गावच्याच स्त्रीला ५६ दिवसांचे शिक्षण द्यायचे आणि तिने गावातल्या इतरांना शिकवायचे. २०२४ च्या जूनमध्ये वाराणसीत तीस हजारांहून अधिक सख्यांना प्रमाणपत्रे देण्यात आली. बाईने बाईला तिच्या परसात, तिच्या सवडीने शिकवणे हे सभागृहातल्या भाषणापेक्षा निश्चितच परिणामकारक आहे.

आधी दाम, मग काम

काही अर्थतज्ज्ञ विचारतील, मुळात शेतीत माणसे राखायचीच कशाला? २०२३-२४ च्या सरकारी पाहणीनुसार देशातल्या शंभर कामकऱ्यांपैकी ४६ शेतीत होते, आणि राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा अठरा टक्क्यांच्या आसपास. इतक्या जणांनी इतके थोडे कमवायचे यापेक्षा त्यांतल्या काहींनी बाहेर पडलेले बरे.

हा मुद्दा खरा आहे. पण माणसे शेतीबाहेर पडत असतील, तर मागे राहणाऱ्यांनी कमी हातांनी जास्त आणि अधिक नेमके काम करायला हवे. म्हणजे कसबाची गरज घटत नाही, वाढते. ठिबक, शेततळे, माती परीक्षण, फवारणीची योग्य मात्रा, बिगरमोसमी पावसात पीक सावरणे ही सारी शिकायची कामे आहेत. आज बऱ्याच ठिकाणी उलट होते. ज्याला दुसरीकडे कोठे वाव मिळाला नाही, तो शेतीत उरतो, आणि शेतीच्या वाट्याला नाइलाजाने आलेला माणूस येतो.

दुसरी गोष्ट पैशाची. नुसते शिकवून माणूस थांबत नाही. २०२२-२३ मध्ये केरळात पुरुष शेतमजुराला दिवसाला साडेसातशे रुपयांवर मजुरी मिळे, तर देशाची सरासरी साडेतीनशेच्याही आत होती. मध्य प्रदेशात ती अडीचशेचाही आकडा गाठत नव्हती. एवढ्या मजुरीत यंत्र चालवायला शिकलेला तरुण गावात का राहील? आणि शेतमालाला भाव नसेल तर शेतकरी तरी चढी मजुरी कोठून देईल? भाव, मजुरी आणि कसब ही तिफणीची तीन फणे आहेत. एक मोडका असेल तर बाकीचे दोन सरळ चालत नाहीत.

एक हंगाम, एक गुरू

तरीही आहे त्या परिस्थितीत करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला फार मोठा खर्चही नाही. प्रत्येक तालुक्यात असे पाच-पंचवीस शेतकरी असतात, ज्यांचे शेत पाहायला लोक लांबून येतात. अशांची निवड करून त्यांच्याकडे दोन-दोन तरुण किंवा तरुणी पेरणीपासून काढणीपर्यंत पूर्ण हंगाम शिकायला ठेवता येतील. शिकणाऱ्याला कारखान्यातल्या उमेदवाराप्रमाणे विद्यावेतन, शिकवणाऱ्याला मानधन. कृषी विज्ञान केंद्राने महिन्यातून एकदा येऊन तपासावे, शेवटी परीक्षा घ्यावी, प्रमाणपत्र द्यावे. त्या प्रमाणपत्रावर बँकेने यंत्रासाठी, खंडाच्या जमिनीसाठी कर्ज द्यावे. त्यात शेतमजुराच्या मुलीला आणि शहरातून परतलेल्या मुलालाही जागा असावी. सातबारा मागू नये.

असे झाले तर शेतमजूर आणि शेतकरी यांच्यामध्ये एक नवा माणूस उभा राहील. शिकलेला, यंत्र जाणणारा, दुसऱ्याच्या शेतावर काम करूनही मान राखून असणारा. आणि मुलीचे आईवडील 'मुलगा काय करतो?' असे विचारतील, तेव्हा 'शेती करतो' या उत्तराला 'कोठे शिकला?' हा पुढचा प्रश्न येईल. तो प्रश्न ज्या दिवशी सहज विचारला जाईल, त्या दिवशी शेती हा व्यवसाय झाला असे म्हणता येईल.

२०२० साली टाळेबंदीने सगळे थांबवले, म्हणून हातांची उणीव दिसली. कसबाची उणीव अशी एका दिवसात दिसत नाही. एक म्हातारी जाते, तिच्याबरोबर बी निवडण्याची नजर जाते. एक शेतकरी थकतो, त्याच्याबरोबर वाफशाचा अंदाज जातो. गोदामातले धान्य दरवर्षी मोजले जाते. ते पिकवणारे जाणते हात गावात किती उरले, हेही आता कोणीतरी मोजायला हवे. कारण पुढल्या मृगाला पाऊस येईल, बियाणे येईल, खतही येईल. पण तिफण उभी राहील ती चाड्यावर मूठ धरणाऱ्याची वाट पाहत.